बधिर पायाची चप्पल

कुष्ठरोगाचा जंतू औषधाने मरतो. बहुविध औषधोपचार १९८२ पासून वापरात आहे, सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो आणि रोगाच्या प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिन्यांत संपतो. जंतूमुळे मेलेली नस (मज्जातंतू) मात्र औषधाने परत येत नाही. तळव्याला संवेदना पुरवणारी नस घोट्याच्या आतल्या बाजूने, हाडाच्या मागून खाली उतरते. ती निकामी झाली की तळवा सुन्न होतो. बधिरपणा नवा असेल, ६ महिन्यांच्या आतला असेल, तर स्टेरॉइडच्या उपचाराने संवेदना परत येऊ शकते, म्हणून मुंग्या आल्या किंवा पाय जड वाटायला लागला तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. तो काळ हातचा गेला, तर रोगातून बरा झालेला माणूसही पुढची तीस-चाळीस वर्षं सुन्न पायांवरच चालणार असतो. हे पाय टिकवण्याच्या कामात सगळ्यात मोठा वाटा एका चपलेचा आहे. तिच्याविषयी लिहिलं फार कमी जातं.

पूर्वी लोक म्हणायचे, या रोगात बोटं आपोआप झडतात. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी एकेका जखमेचा माग काढला. कोणाला चुलीचा चटका बसलेला, कोणाच्या पायात काटा राहिलेला, कोणाला चपलेचा खिळा लागलेला. पण पायाच्या बहुतेक जखमांचं कारण याहून साधं निघालं: चालणं. आपण दोन-तीन किलोमीटर चाललो की नकळत चाल बदलतो. चवडा दुखायला लागला की भार कडेवर घेतो, पाऊल आखूड टाकतो. सुन्न पायाला ही सूचना मिळतच नाही. शेवटचं पाऊल पहिल्यासारखंच पडतं आणि अंगठ्याच्या मुळाशी, चवड्यातल्या हाडांच्या टोकांखाली एकाच जागी हजारो वेळा दाब येतो. आतलं मांस ठेचतं, तिथे ऊब येते, मग सूज, मग पाणी धरतं. वरची कातडी अजून शाबूत असते. फुटते तेव्हा आतली जखम बरीच जुनी झालेली असते. बोटं आखडून वाकडी झाली असतील तर दाब आणखीच थोड्या जागेवर एकवटतो.

म्हणजे चपलेला दोन कामं करायची आहेत. दाब पसरवायचा आणि काटा-खिळा आत येऊ द्यायचा नाही. एकच थर दोन्ही करू शकत नाही, कारण पहिल्या कामाला मऊ रबर लागतं आणि दुसऱ्याला कडक. म्हणून पायाला लागणारा वरचा थर असतो मायक्रोसेल्युलर रबराचा, ज्याला सगळे एमसीआरच म्हणतात. त्यात हवेचे बारीक, बंद बुडबुडे असतात. १९५० च्या दशकात वेल्लोरला ते या कामासाठी वापरात आलं. त्याचा कडकपणा शोअर मापावर १५ च्या आसपास लागतो आणि जाडी साधारण १० ते १५ मिलिमीटर. मापाचं यंत्र नसेल तर अंगठा आणि तर्जनीत तुकडा दाबून बघायचा: जाडी जवळपास निम्मी व्हायला हवी आणि सोडल्याबरोबर तुकडा पूर्ववत व्हायला हवा. बाजारातला साधा स्पंज हातात मऊ लागतो, म्हणून लोक फसतात. पण माणसाचा भार पडला की तो चपटा होऊन तळाला टेकतो आणि मग पाय कडक जमिनीवरच चालतो. एमसीआरखाली कडक रबराचा सोल हवाच. विदर्भात बाभळीचा काटा नुसत्या एमसीआरमधून थेट तळव्यात जातो, आणि आत गेल्याचं कळत नाही.

माप घेताना माणसाला उभं करावं. बसलेल्या माणसाचा पाय अरुंद असतो, भार पडला की तो पसरतो. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल सरळ उभी धरून रेघ मारायची. पेन्सिल आत कलली तर सोल लहान कापला जातो, करंगळीची कड बाहेर राहते आणि पहिली जखम नेमकी तिथेच होते. दोन्ही पायांची मापं वेगळी घ्यावीत. एका पायाची बोटं गेलेली असतील तर त्या पायाची चप्पल त्याच्याच मापाची करावी. पूर्ण लांबीच्या चपलेत आखूड पाय पुढे सरकत राहतो.

जोडणीत खिळा वापरायचा नाही, हा नियम बिनअपवादाचा आहे. थर सोल्युशनने चिकटवून कडेने शिवून घ्यायचे. शिलाई आणि पट्ट्यांची टोकं दोन थरांच्या मध्ये दाबायची, गाठ किंवा टाका पायाच्या बाजूला येता कामा नये. अंगठ्याशेजारचा अंगठी-पट्टा टाळावा: तो बोटांमध्ये घासतो, आणि अशी चप्पल टिकवायला बोटांनी पकड धरावी लागते, ती या पायांत नसते. मागचा पट्टा मात्र हवाच, कारण तो नसला तर चप्पल वाटेत निसटते आणि माणूस तसाच पुढे चालत राहतो. पट्टे रुंद, आतून मऊ अस्तराचे. बकलऐवजी वेल्क्रो, कारण नसांचा हा आजार हातांनाही धरतो आणि आखडलेल्या बोटांनी बकल लागत नाही. वेल्क्रोचं टोक थोडं लांब सोडलं तर तळहाताने किंवा दातानेही ओढता येतं. असं लांब टोक सोडणारा कारागीर समोरच्या माणसाच्या हाताकडे नीट बघतो, एवढं नक्की.

नवी चप्पल पहिल्याच दिवशी शेतात घालून जाऊ नये. पहिल्या दिवशी अर्धा तास घालायची, काढायची, पाय बघायचा. कुठे लाली आली आणि ती थोड्या वेळात गेली नाही, तर तिथला पट्टा सैल करून घ्यायचा. मग रोज थोडा वेळ वाढवायचा. पायाचा आकार बिघडलेला असेल, कमान खचली असेल किंवा जखम त्याच जागी परत परत होत असेल तर साधी एमसीआर पुरत नाही. तिथे कमानीला आधार, चवड्याच्या हाडांमागे उंचवटा किंवा पायाच्या साच्यावरून बनवलेली चप्पल लागते. पाय लुळा पडून बोटं फरफटत असतील तर पुढून वर ओढणारा पट्टा लावावा लागतो. हे काम कुष्ठरोग रुग्णालयांतल्या पादत्राण विभागांचं. गावच्या मोच्याला शिकवलं तर साध्या दुरुस्त्या त्याला उत्तम जमतात, आणि शिकवावंच.

एवढी विचारपूर्वक बनवलेली चप्पल पुष्कळ घरांत कोपऱ्यात पडून असते. कारण रंग आणि घडण. वर्षानुवर्षं एकाच छापाची चप्पल वाटली गेली आणि लांबूनच लोक ओळखू लागले: हा त्या रोगाचा. लग्नाला, बाजाराला, मुलीच्या सासरी जाताना माणूस ती घालत नाही, बाटाचा जुना बूट घालतो आणि पाय फोडून परत येतो. त्याला अडाणी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. उपाय कारागिराच्याच हातात आहे: आतला थर एमसीआरचा ठेवायचा, वरून मात्र त्या भागातल्या बाजारात चालणारी सँडल दिसली पाहिजे. तपकिरी, काळी, बायकांसाठी नाजूक दिसणाऱ्या पट्ट्यांची. हल्ली मधुमेहाचे रुग्णही एमसीआर वापरतात, त्यामुळे ओळखीचा डाग थोडा पुसट झाला आहे. देताना रंग विचारावा.

दुसरी अडचण आपल्या घरांची. चप्पल उंबऱ्याबाहेर काढतो आपण, आणि सुन्न पाय दिवसभर फरशीवर, अंगणात, चुलीपुढे अनवाणी फिरतो. घरासाठी वेगळा, स्वच्छ जोड ठेवणं हा यावरचा सरळ मार्ग. सासूबाईंना किंवा आजोबांना तो का, हे आरोग्यसेविकेने समोर बसवून सांगितलं की बहुतेक घरं मान्य करतात. देवळात जायचं तर सकाळी लवकर, उन्हात तापलेल्या दगडी फरशीवर पाय टाकू नये. मांडी घालून बसण्याचीही सवय मोडावी लागते: बाहेरच्या घोट्याचं हाड जमिनीवर घासून तिथे चिवट जखम होते. पाट किंवा खुर्ची घ्यावी, आणि बसावंच लागलं तर घोट्याखाली घडी करून जाड कापड. रात्री उंदीर सुन्न बोटं कुरतडतात, हे ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही, पण ते होतं. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर दोन्ही कामं होतात.

रोजची निगा अर्ध्या तासाची आहे आणि चपलेइतकीच महत्त्वाची. या पायांना घाम येत नाही, कातडी कोरडी पडून भेगा जातात. साध्या पाण्यात, गरम नव्हे, पाय २० मिनिटं बुडवायचे. मऊ झालेले घट्टे गुळगुळीत दगडाने हलके घासायचे, ब्लेड लावायचं नाही. पाणी निथळलं की ओलसर पायालाच खोबरेल किंवा व्हॅसलिन लावायचं, म्हणजे ओल आत राहते. (मधुमेहाच्या पायांना हे भिजवणं लागू नाही, त्यांनी पाय भिजत ठेवू नयेत.) मग तपासणी: तळवा, बोटांच्या बेचक्या, टाच. लाली, फोड, रुतलेला खडा. एका पायाच्या जागेची ऊब दुसऱ्या पायाच्या त्याच जागेशी ताडून बघायची. आजारी माणसाचे हात सुन्न असतील तर त्याला हे कळणार नाही, म्हणून घरातल्या कोणीतरी हाताच्या पाठीने बघायचं. एखादी जागा गरम लागली तर दोन दिवस चालणं कमी करायचं. कातडी फुटण्याआधीची हीच वेळ असते. तळवा दिसत नसेल तर आरसा भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवावा. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश करत, तेव्हा या रोगावर आजच्यासारखं औषध नव्हतं. आज औषध आहे, तरी त्या पायाला रोज हात लावणारं माणूस लागतंच.

जखम झालीच तर मलमापेक्षा विश्रांती मोठी. पू नसलेली साधी जखम, तिच्यावर अजिबात भार पडू दिला नाही तर, बहुतेक वेळा ६ आठवड्यांच्या आसपास भरते. पायाला नीट बसणारं प्लॅस्टर घातलं तर माणूस थोडंफार चालूही शकतो, पण पू, वास, सूज किंवा ताप असताना प्लॅस्टर घालायचं नाही, थेट रुग्णालय. आणि इथेच गाडं अडतं. रोजंदारीवर कापूस वेचणाऱ्या बाईला ६ आठवडे बसा म्हणणं सोपं आहे. तिची मजुरी कोण देणार? जखम भरत नाही त्यामागे पुष्कळदा जंतूपेक्षा चूल पेटण्याची चिंता असते. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी या ६ आठवड्यांचा किराणा भरावा, किंवा शेतमालकाने तेवढे दिवस बसून करायचं काम द्यावं: सरकी निवडणं, शेंगा फोडणं. कुबड्यांची जोडी, आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला नेणारी दुचाकी, हीही मदतच.

जुने बूट मात्र दान करू नयेत. दुसऱ्याच्या पायाने घडवलेला खळगा सुन्न पायाला फोड आणतो, आणि आतला वर आलेला खिळा देणाऱ्यालाही माहीत नसतो.

राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून बधिर पायांसाठी एमसीआर चपला वर्षाला दोन जोड मोफत मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे नाव नोंदवून घ्यावं. जोड मिळाला की सोल, शिलाई आणि मागचा पट्टा तिथेच तपासावा, मापात बसत नसेल तर घरी नेण्याआधीच बदलून मागावा. काळ्या मातीत आणि भाताच्या चिखलात जोड सहा महिनेसुद्धा टिकत नाही. रबर संपल्याची खूण सोपी आहे: चवड्याखाली खड्डा पडतो आणि अंगठ्याने दाबलं तर तो भाग वर येत नाही. अशी चप्पल वरून नवी दिसली तरी बाद समजावी. पट्टे धड असतील तर कारागिराकडून फक्त वरचा थर बदलून घेता येतो, आणि एका एमसीआर शीटमधून असे बरेच जोड दुरुस्त होतात. देणगी द्यायची तर ती शीट आणि त्या कारागिराची दिवसाची मजुरी, दोन्ही एकत्र द्यावीत.