जुन्या पूल टेबलच्या रेलला कोणतं पॉलिश?

पूल, म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ. त्याच्या टेबलाचे पाय आणि रेल (टेबलाभोवतीची लाकडी कड) एकाच लाकडाचे असले तरी दोघांना एकच पॉलिश चालत नाही. पायांना कुणी हात लावत नाही. रेलवर मात्र घामट तळवे टेकतात, क्यू (खेळायची काठी) घासला जातो, कुणीतरी थंड ग्लास ठेवतोच, आणि क्यूच्या टोकाला लावलेली निळी पूड वरून पडत राहते. त्या पुडीला आपण खडू म्हणतो खरे, पण विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी 1897 मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून त्यात खडू नाही; सिलिका आणि कुरुंदासारखी घासणारी भुकटी आहे. म्हणजे बाही फिरली की रेलवर बारीक पॉलिश पेपरच फिरतो.

उदाहरण म्हणून ब्रन्सविक-बाल्के-कोलेंडरचं (1884 पासून कंपनीचं हे नाव) रोझवुड व्हिनिअरचं (वर चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याचं) टेबल घेऊ. अमेरिकेतल्या जुन्या घरांच्या तळघरात अशी टेबलं अजून सापडतात. आधी मूळ पॉलिश ओळखा. रेलच्या न दिसणाऱ्या कडेला कापसाने स्पिरिटचा थेंब लावा. मिनिटभरात चिकट झालं तर चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही, पण लॅकर थिनरने विरघळलं, तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. ते बहुधा 1920 नंतर कुणीतरी चढवलेलं. दोन्हींना दाद दिली नाही तर व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन).

खेळाडू हात टेकतात तिथे नखाने कड खरवडून पाहा. काळी, मेणचट गुंडाळी निघते. तो नुसता मळ नाही. अंगाच्या तेलाने आणि घामाने मऊ पडलेलं जुनं पॉलिश त्यात मिसळलेलं असतं. त्याच्यावर नवा हात मारला तर तो कधीच नीट धरत नाही. तेवढा भाग स्पिरिटने पूर्ण काढावा लागतो. बाकीचं शाबूत असेल तर राहू द्या. व्हिनिअर एक मिलिमीटरच्या आत-बाहेर असतं. मशीन सँडर लावलात तर कडेला खालचं लाकूड दिसायला वेळ लागत नाही. पाणीही नको, खालचा सरस सुटतो.

डायमंडच्या खुणा (नेम धरायला रेलमध्ये बसवलेल्या) शिंपल्याच्या असतील तर बोल्टभोवतीचे काळे डाग काढायला वापरतात ते ऑक्झॅलिक अॅसिड त्यांच्यापासून लांब ठेवा, चकाकी जाते. सेल्युलॉइडच्या असतील तर अॅसिटोन आणि लॅकर थिनर लांब ठेवा, खुणाच विरघळतील.

आता निवड. नुसता चपडा रेलवर सुंदर दिसतो, पण दारूचा थेंब सांडला की डाग आणि ओला ग्लास ठेवला की पांढरं वर्तुळ. दोन घटकांचं पीयू किंवा मेलामाइन टणक असतं, पण पुढे कधी काढायची वेळ आली तर लाकूड घासल्याशिवाय निघत नाही. जुन्या व्हिनिअरवर ते लावू नये, असं आमचं स्पष्ट मत. मधला मार्ग असा: खाली मेणविरहित चपडा, वर पातळ केलेलं तेलयुक्त व्हार्निश.

चपडा मधे का? रोझवुडमध्ये नैसर्गिक तेलं असतात आणि ती व्हार्निश वाळू देत नाहीत. आठवडाभरानेही बोट चिकटतं. शिवाय पूर्वी कुणी सिलिकोनचा चमकदार स्प्रे मारला असेल तर व्हार्निशला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. चपडा दोन्ही अडवतो. मेण असलेला साधा चपडा मात्र इथे चालत नाही, त्यावर वरचा थर सुटतो. अर्धा लिटर स्पिरिटला 60 ग्रॅम पत्री (चपड्याचे पापुद्रे), रात्रभर भिजवून कापडातून गाळून. काचेवर थेंब टाका. दुसऱ्या दिवशी कडक झाला नसेल तर पत्री जुनी आहे, फेकून द्या.

रोझवुडचा लालसर रंग स्पिरिटमध्ये उतरतो आणि शेजारच्या मेपलच्या पांढऱ्या पट्टीवर पसरतो. म्हणून पट्टीवर आधी बारीक ब्रशने चपडा, मग कापडाच्या बोळ्याने लाकडाच्या रेषांच्या दिशेने, मागे-पुढे न घासता दोन हात. त्यावर लाकडापेक्षा किंचित गडद रंगाचं तेलयुक्त ग्रेन फिलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप). रेषांना आडवं पुसा आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. हे टाळलं तर छिद्रांत निळी पूड जाऊन बसते आणि ती कशानेच निघत नाही. मग फिलरवर चपड्याचा आणखी एक हात.

व्हार्निश आणि मिनरल टर्पेंटाइन निम्मं-निम्मं. फडक्याने पातळ सहा-सात हात, दोन हातांमध्ये किमान 24 तास. तिसऱ्या हातानंतर 400 नंबरचा पेपर हलकेच, कडा सोडून. सगळे हात ग्लॉसचे (चकचकीत), सॅटिन (मंद चकाकीचा) फक्त शेवटचा; सॅटिनमधली भुकटी थरावर थर चढला की रेषा धुरकट करते. सगळ्या रेलच्या वरच्या बाजूचं क्षेत्रफळ जेमतेम चौरस मीटरभर, त्यामुळे अर्धा लिटर व्हार्निश पुरून उरतं. वापरलेले फडके गोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा.

फेदर स्ट्रिपच्या (टेबलाचं कापड रेलमध्ये दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) खाचेत आणि कुशनचं रबर चिकटतं त्या तोंडावर मास्किंग टेप हवाच. खाचेत व्हार्निश साचलं तर कापडासह पट्टी बसत नाही, आणि ठोकून बसवली तर कड फुटते. रबरामागे मात्र कोरं लाकूड लागतं.

मुंबई-पुण्यात जिमखान्यांच्या जुन्या टेबलांना हीच पद्धत चालते, पण चपड्याचं काम जुलै-ऑगस्टमध्ये नको. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ होतो. झालाच तर कोरड्या दिवशी स्पिरिटचा अगदी हलका बोळा फिरवा, बहुतेक वेळा परत पारदर्शक होतो.

शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे थांबून मगच कुशन, कापड आणि खेळ. पॉलिश वरून सुकलेलं वाटतं, पण आतून मऊ असतं आणि बोल्ट आवळताना क्लॅम्पचा ठसा उमटतो. नंतरची देखभाल म्हणजे निळी पूड आधी मऊ ब्रशने उडवणं. ओल्या फडक्याने पुसली तर तीच पूड रेलवर घासली जाते.