चार विरुद्ध चार : आयोवातील माझे पहिले कॉकस

अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यानंतर माझ्या वाट्याला आलेली पहिली निवडणूक साध्या मतदानाची नव्हती. आम्ही आयोवात, डे मॉइनच्या उपनगरात राहतो आणि राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्याची सुरुवात तेव्हा या राज्यात कॉकसने, म्हणजे पक्षाच्या स्थानिक सभेने होत असे. १ फेब्रुवारी २०१६ च्या संध्याकाळी सात वाजता मी आणि माझा मुलगा जवळच्या शाळेच्या व्यायामशाळेत पोहोचलो. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता, पण नोव्हेंबरच्या निवडणुकीपूर्वी अठरा पूर्ण होणार असतील तर कॉकसमध्ये भाग घेता येतो, असा नियम आहे. माझ्या यजमानांकडे फक्त ग्रीन कार्ड असल्यामुळे ते प्रेक्षकांच्या बाकावर बसले. पक्षाची नोंदणी तिथेच दारात करता येत होती. त्या एका रांगेत पाऊण तास गेला.

रिपब्लिकन पक्षाच्या सभेत चिठ्ठीवर नाव लिहून ती गुपचूप पेटीत टाकतात. डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभेत मात्र तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहावे लागे, आणि मग माणसे मोजली जात. एकूण उपस्थितांपैकी १५ टक्के लोक ज्या गटात नसतील, तो गट बाद होई आणि त्यातील माणसांनी दुसरीकडे जायचे किंवा घरी जायचे. आमच्या सभेला ३१२ माणसे होती, म्हणजे गट टिकायला किमान ४७ हवी होती. हिलरी क्लिंटन यांच्या बाजूला १४९ आणि बर्नी सँडर्स यांच्या बाजूला १४२ जण उभे राहिले. मेरिलँडचे माजी गव्हर्नर मार्टिन ओमॅली यांच्यामागे आम्ही अवघे २१ होतो. मी ओमॅलींकडे का गेले याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर ती टाळाटाळ होती. मुलगा सँडर्स यांच्या निळ्या फलकाखाली उभा होता आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहण्याचे मला जिवावर आले होते.

आमचा गट बाद ठरला आणि पुढच्या अर्ध्या तासात दोन्ही बाजूंचे लोक आमच्याभोवती जमले. वाद वरवर पाहता साधा होता. सँडर्स यांना सर्वांसाठी एकच सरकारी आरोग्यविमा, सरकारी महाविद्यालयांत मोफत शिक्षण आणि तासाला १५ डॉलर किमान वेतन हवे होते. क्लिंटन ओबामांच्या २०१० च्या आरोग्य कायद्यावरच पुढची बांधणी करू म्हणत होत्या आणि वेतनाचा देशपातळीवरचा आकडा १२ डॉलर सांगत होत्या. प्रत्यक्षात तेव्हा तो सव्वासात डॉलर होता. तीनच दिवसांपूर्वी क्लिंटन यांनी डे मॉइनमध्येच बजावले होते की, एकाच सरकारी विम्याची योजना कधीही प्रत्यक्षात येणार नाही. माझ्या वडिलांनी सांगलीहून फोनवर या सगळ्याचा निकाल एका वाक्यात लावला होता : ‘‘म्हणजे तुमच्याकडचे जहाल आणि मवाळच की!’’ १९०७ मध्ये सुरतेला व्यासपीठावर जोडा फेकला गेला होता. इथे दोन्ही गट आम्हाला घरी केलेल्या कुकीज देत होते, एवढाच काय तो फरक.

एक निवृत्त शिक्षिका माझ्याशी बराच वेळ बोलत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘१९९३ मध्ये आम्ही सगळ्यांसाठी एकदम विमा मागितला आणि हाती काहीच आले नाही. १९९७ मध्ये फक्त मुलांच्या विम्यापुरते मागितले, ते मिळाले.’’ मला हे पटत होते, त्याचे कारण माझ्या नोकरीत आहे. मी एका विमा कंपनीत दाव्यांच्या संगणकप्रणालीवर काम करते. पूर्वी त्या प्रणालीत ‘आजार आधीपासून होता’ या कारणाने दावा नाकारण्याचा एक संकेतांक होता. ओबामांच्या कायद्यामुळे १ जानेवारी २०१४ पासून तो नव्या पॉलिसींना लावता येईना, आणि तो बंद करण्याचे काम माझ्याकडे आले होते. पडद्यावर ती एक ओळ होती, पण ती काढताना मला जे वाटले ते कुठल्याही भाषणाने वाटले नाही.

तेवढ्यात मुलगा आला. ‘‘आई, सांगलीच्या मंडईत शंभर सांगितले की तू पन्नासपासून सुरुवात करतेस ना? मग इथे पहिल्यापासूनच तडजोडीचा भाव का सांगायचा?’’ मी म्हटले, मंडईत दुकानदाराला माल विकायचा असतो, सिनेटला तसे काही नसते. तो म्हणाला, ‘‘आणि अजून विमा नसलेले २ कोटी ९० लाख लोक? ते किती ओळींनंतर?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते. तरीही मी क्लिंटन यांच्या कोपऱ्यात गेले. उत्तर नसणे आणि मत बदलणे या दोन गोष्टी माझ्या बाबतीत तरी वेगळ्या असतात. शिवाय एकच सरकारी विमा आला तर माझी नोकरी जाईल, हेही मनात नव्हते असे म्हणणार नाही.

दुसऱ्या मोजणीत क्लिंटन १५८ आणि सँडर्स १५४ झाले. आमच्या प्रभागातून परगण्याच्या अधिवेशनासाठी आठ प्रतिनिधी निवडायचे होते. गटातील संख्येला आठने गुणायचे, ३१२ ने भागायचे आणि जवळचा पूर्णांक घ्यायचा, असे सूत्र होते. उत्तर आले चार आणि चार. मी फोनवर पुन्हा गणित करून पाहिले : आम्ही एकवीसच्या एकवीस जण कोणत्याही एकाच बाजूला गेलो असतो, तरीही चार आणि चारच आले असते. त्या वर्षी पक्ष माणसांचे आकडे जाहीर करीत नसे, फक्त प्रतिनिधींचे करी. त्यामुळे आमचा तो अर्धा तास कुठेच नोंदला गेला नाही. राज्यभरात प्रतिनिधींच्या हिशेबाने क्लिंटन ४९.८ टक्के आणि सँडर्स ४९.६ टक्के असा निकाल लागला. ओमॅली यांनी त्याच रात्री माघार घेतली.

उमेदवारांचे काम संपल्यावर व्यायामशाळा भराभर रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी हिमवादळाचा अंदाज होता आणि सगळ्यांना घरी जायची घाई होती. पक्षाच्या जाहीरनाम्यासाठी ठराव मांडण्याचे काम मात्र अजून शिल्लक होते, आणि त्यासाठी जेमतेम वीस माणसे उरली. मुलाने पाठकोऱ्या कागदावर सर्वांसाठी सरकारी विम्याचा ठराव लिहून दिला. अध्यक्षांना त्याचे अक्षर लागेना, म्हणून तो त्यालाच वाचावा लागला. त्या निवृत्त शिक्षिकांनी हात वर केला. मीही केला. मुलाने वळून माझ्याकडे पाहिले, आणि अध्यक्षांनी पुढचा ठराव घेतला, जो आमच्या प्रभागातल्या पदपथांविषयी होता.