वितरकांच्या बैठकीसाठी सोलापुरात हॉटेल ठरवताना

आमच्या टेरी टॉवेलच्या कारखान्याची वितरक बैठक यंदा सोलापुरातच घ्यायची, असे मालकांनी ठरवले आणि हॉटेल पाहण्याचे काम माझ्याकडे आले. जानेवारी सर्वांना सोयीचा होता. परंतु मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीने रस्ते भरतात आणि खोली मिळणे अवघड जाते, म्हणून महिनाअखेरची तारीख धरली.

पसंत केले ते स्टेशनजवळचे एक छोटे हॉटेल. खोल्या व्यवस्थापकांनी स्वतः दाखवल्या. मी गादीआधी न्हाणीघरातला टॉवेल उलटून पाहिला. काठाचे लूप निघालेले होते. आमच्या वितरकांच्या हाती तो पडला असता, तर बैठकीचा पहिला विषय तोच झाला असता, त्यामुळे आमच्या कारखान्याचेच टॉवेल ठेवण्याची परवानगी तेथेच मागून घेतली.

खरी घासाघीस सभागृहावरून झाली. भाड्यात प्रोजेक्टर, माइक आणि दोन वेळचा चहा धरला होता, पण वीज गेल्यास जनरेटरवर एसी चालेल की नाही, याचा कोटेशनमध्ये उल्लेख नव्हता. मी मेन स्विच बंद करायला लावला. दिवे व पंखे लागले, एसी मात्र बंदच राहिला. प्रोजेक्टरसाठी दारे-पडदे लावून माणसे दिवसभर बसणार होती, म्हणून डिझेलचा वेगळा दर ठरवून तो लेखी घेतला. तोंडी आश्वासनावर मी सभागृह घेत नाही.

मुंबईची मंडळी वंदे भारतने येणार होती आणि ती गाडी रात्री साडेदहानंतर पोहोचते, तेव्हा स्वयंपाकघर उशिरापर्यंत चालू ठेवण्याचे कबूल करून घेतले. दुबईच्या खरेदीदाराच्या पासपोर्टची व व्हिसाची प्रत आधीच मागवली, कारण परदेशी पाहुणा उतरल्यापासून चोवीस तासांच्या आत हॉटेलला त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते.

विरंगुळा म्हणून हॉटेलने किल्ला आणि सिद्धेश्वर तलावाची फेरी सुचवली होती. ती ठेवलीच, पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच ओळखीच्या शेतात हुरड्याची सोय केली. गुळभेंडी ज्वारीचा गरम हुरडा, शेंगाचटणी आणि दही समोर आल्यावर दरवाढीवरून सकाळी ताणून धरलेले वितरकही सैल बोलू लागले, आणि ऑर्डरचे आकडे सभागृहात नव्हे, तर आगटीभोवती पक्के झाले.