‘आढळून येत नाही’वर सही करण्याआधी

‘सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.’ एका ओळीचं उत्तर सहीसाठी टेबलावर आलं. तहसील कार्यालयात जन माहिती अधिकारी म्हणून काम करताना असं उत्तर नेहमीच पुढे येतं. अर्ज एका आजींचा होता. सासऱ्यांच्या नावे झालेल्या कूळकायद्याच्या ३२-ग प्रकरणाची नक्कल हवी होती.

“कुठं कुठं बघितलं?” मी कारकुनाला विचारलं.

“गावाच्या रुमालात नाही, साहेब.”

“आणि?”

तो गप्प राहिला. रुमाल म्हणजे गावाचे जुने कागद कापडात बांधून ठेवलेला गठ्ठा.

कुळाने जमिनीची किती किंमत भरायची, हे ३२-गमध्ये ठरतं. घरच्यांसाठी मालकीचा आधार तोच. एक रुमाल सोडून बांधला, याला मी शोध म्हणणार नाही. माहिती अधिकारात नवा कागद तयार करून द्यावा लागत नाही हे खरं, पण जो कागद कार्यालयात एकदा होता तो ‘सापडत नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. कसून शोधा, तरीही मिळाला नाही तर जबाबदारी निश्चित करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय.

दुपारी आम्ही दोघं अभिलेख कक्षात बसलो. सुरुवात फेरफारापासून, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीपासून केली, कारण त्यात आदेशाचा क्रमांक आणि तारीख असते. त्यावरून कूळकायद्याची नोंदवही काढली. पानं हातात तुटत होती. त्या क्रमांकापुढे लाल शाईत शेरा होता: ‘अपिलात वर पाठविले.’ जावक नोंदवहीत पाठवल्याची तारीखही मिळाली. परत आल्याची नोंद मात्र कुठेच नव्हती.

म्हणजे फाईल हरवलीच नव्हती, कुणी परत मागितली नव्हती.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ५(४) खाली दुसऱ्या अधिकाऱ्याची मदत मागता येते. अपील जिथे गेलं होतं त्या प्रांत कार्यालयाला पत्र दिलं, कारकुनालाही सोबत धाडलं. निकाली अपिलांच्या गठ्ठ्यात मूळ प्रकरण निघालं. त्यात जबाब, पंचनामा, आदेश, सगळं होतं. फक्त किंमत भरल्यावर कुळाला मिळणाऱ्या ३२-म प्रमाणपत्राची स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात ठेवायची प्रत, नव्हती.

पानाला दोन रुपये भरून आजींनी प्रती घेतल्या. स्थळप्रतीबद्दल उत्तरात वेगळा परिच्छेद लिहिला: कोणत्या नोंदवह्या पाहिल्या, कोणत्या दिवशी, कुणी पाहिल्या, आणि पहिलं अपील कुणाकडे करायचं. मग सही केली.