पाण्याचं भाडं

वैनगंगेवरचा, नागपूर आणि भंडारा जिल्हे जोडणारा आंभोऱ्याचा पूल 2024 मध्ये सुरू झाला आणि भंडारा जिल्ह्यात पाण्याकाठच्या जमिनींचे भाव अंगात आल्यासारखे वागायला लागले. शनिवार-रविवारी नागपूरच्या गाड्या येतात, फोटो काढतात, मग जेवायला कुठे मिळेल म्हणून विचारत फिरतात. हा प्रश्न बिल्डर लोकांच्या कानावर जायला वेळ लागला नाही.

मी तालुक्याच्या गावी वकिली करते. कोर्टापेक्षा माझा जास्त वेळ दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जातो. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र हेच रोजचं काम. रेस्टॉरंटच्या जागेचा करार क्वचित येतो. हा आला काकूंमुळे. बसस्टँडजवळ त्यांची खानावळ आहे. पाटोडीची रस्साभाजी, तलावातले झिंगे आणि उलट्या मडक्यावर भाजलेली लांब रोटी. एका सिंचन तलावाच्या काठावर नागपूरच्या एका बिल्डरने बांधलेल्या संकुलात त्यांना जागा देऊ केली होती. खाली दुकानं आणि हॉल, वर सेकंड होम म्हणून विकायला काढलेल्या खोल्या, आणि टोकाला पाण्याकडे तोंड करून रेस्टॉरंट. अशा ठिकाणी बिल्डरला रेस्टॉरंटची गरज भाडेकरूपेक्षा जास्त असते, कारण जेवायची सोय दिसल्याशिवाय वरच्या खोल्या विकल्या जात नाहीत. काकूंना मी हे गाडीतच सांगून ठेवलं. “म्हणजे घाई त्याले आहे, आपल्याले नाही,” त्या म्हणाल्या.

कोजागिरी होऊन गेली होती. हलका धान कापायला आलेला, तलाव काठोकाठ. मॅनेजरने आम्हाला सरळ लाकडी डेकवर नेलं. खाली पाणी, समोर टेकडी, वारा असा की माझ्या हातातल्या मसुद्याची पानं उडायला लागली. आकडे असे होते: क्षेत्र 2,400 चौरस फूट, दर महिन्याला फुटामागे 40 रुपये, म्हणजे 96,000. शिवाय देखभाल खर्च आणि जीएसटी वेगळा.

काकूंनी पाण्याकडे पाहिलंच नाही. त्या तडक मागे स्वयंपाकघराकडे गेल्या. मोरीचा उतार कुठे, तीन फेजचा लोड किती, 19 किलोची सिलिंडरं बाहेर कुठे ठेवायची, भांडी घासायला पाणी कुठून. मग मान वर करून धुराड्याची जागा शोधली. ती नव्हतीच. भिंतीला एक भोक, बाहेर एक पंखा, आणि त्याच्या बरोब्बर वर दुसऱ्या मजल्याची गॅलरी.

“सावजीचा रस्सा फोडणीले टाकला का वरची बाई पंधरा दिवसांत पोलिसात जाईल,” काकू म्हणाल्या.

खाली धंदा आणि वर घरं असलेल्या इमारतीत भांडण इथूनच सुरू होतं, आणि करारात याबद्दल एक ओळ नसते. या मसुद्यातही नव्हती. उलट ‘लाकूड-कोळसा वापरण्यास मनाई’ असं कलम होतं. लांब रोटीची चूल म्हणजे काकूंचा निम्मा धंदा. मी समासात लिहिलं: धुराची नळी गच्चीपर्यंत बिल्डर स्वतःच्या खर्चाने नेईल, आणि चुलीसाठी मागच्या अंगणात वेगळी शेड देईल. मोरीचं पाणी तेल अडवणाऱ्या टाकीतून सांडपाण्याच्या व्यवस्थेत जाईल, तलावात नाही. याच पाण्यावर खाली धान पिकतो. गावाने एकदा तक्रार केली की बंद पडायचं ते काकूंचं हॉटेल, बिल्डरचं ऑफिस नव्हे.

डेकवर परत आलो तेव्हा काकूंनी विचारलं, “उन्हाळ्यात पाणी कोठी राहते जी?”

“बारा महिने व्ह्यू आहे, काकू,” मॅनेजर म्हणाला.

काठाला एक ढिवर दादा जाळं झटकत होते. काकूंनी तोच प्रश्न त्यांना वरूनच ओरडून विचारला. त्यांनी पाण्यात अर्धी बुडालेली, चांगलीच लांबवरची एक बाभूळ दाखवली. “अक्तीले त्या बाभळीच्या पल्याड. इथं मंग नुसता गाळ. ढोरं फसतात.” उन्हाळी धानाला पाणी सोडलं की अक्तीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हा तलाव असा मागे सरकतो. तालुक्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

“मंग पाण्याचं भाडं बारा महिन्याचं काहून?”

मॅनेजरने फोन काढला आणि बाजूला गेला. तेवढ्या वेळात मी डेकखाली उतरले. मोजणीच्या नकाशाची क प्रत मी सोबत मागवून घेतली होती, आणि त्यावरची गटाची हद्द मला डेकच्या आत थांबल्यासारखी वाटत होती. खाली चिखल, खांबांना शेवाळ. खांबांच्या पहिल्या आणि दुसऱ्या रांगेच्या मधे एक बुटका दगड होता, चुना धुऊन गेलेला, वर खोदलेला बाण. ढिवर दादांना विचारलं. “तो पाटबंधाऱ्याचा हाय. त्याच्या पुढं सरकारचं.”

2,400 पैकी 900 चौरस फूट डेक, आणि त्याचा बहुतेक भाग तलावासाठी संपादित झालेल्या जमिनीवर. जे आपलं नाही ते भाड्याने द्यायला निघाले होते, तेही फुटामागे 40 रुपयांनी. उद्या विभागाने नोटीस काढली तर टेबलं-खुर्च्या उचलायच्या काकूंनी, आणि भाडं मात्र चालू.

बिल्डर साहेब संध्याकाळी स्वतः आले. माणूस उर्मट नव्हता. परवानगीचा अर्ज केलाय, येईलच, म्हणाले. मी म्हटलं, आली की डेकचा पुरवणी करार करू, आज भाडं 1,500 फुटांचंच. ते 60,000 झालं. पुढे काकूंनी स्वतः मांडलं: 60,000 किंवा विक्रीच्या आठ टक्के, जे जास्त असेल ते. एप्रिल ते जून किमान रक्कम नाही, फक्त आठ टक्के. साहेबांनी मनात हिशोब केला. महिन्याला साडेसात लाखांच्या वर विक्री गेली तर त्यांचाच फायदा होता. विक्री किती ते बिलाच्या मशीनवरून दर महिन्याला दाखवायचं ठरलं. तीन महिने सामान लावायला बिनभाड्याचे मिळाले. आणि दुसऱ्या दुकानात जेवणाचं हॉटेल द्यायचं नाही, हे कलम मी शेवटी चहाच्या वेळी घातलं. तोवर ते थकले होते.

एवढं होऊनही म्हणाले, “नोटरी करून टाकू, कशाला खर्च?” खेड्यापाड्यात ही फार वाईट खोड आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, नोंदवायची जबाबदारी मालकाची असते, आणि नोंदवला नाही तर, उलट सिद्ध होत नाही तोवर, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे शेवटचं वाक्य मी जरा सावकाश सांगितलं. साठ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरायचं. वाचवण्यासारखं त्यात काही नसतं.

नोंदणीच्या दिवशी सकाळपासून सर्व्हर बंद होता. दुपारी अंगठे झाले. साहेबांनी सौजन्य म्हणून माझी फीसुद्धा आपण देऊ म्हटलं. काकूंनी पदराच्या गाठीतून नोटा काढून माझ्या हातात ठेवल्या. “वकीलबाई माही आहे. तिचा चहासुद्धा मीच पाजीन.”