जाळीतून निसटणारं औषध

काल दोन तासांचं सॅम्पल मोजलं आणि आकडा बघून खुर्चीतच बसून राहिले. निम्म्याहून जास्त डायक्लोफेनॅक, म्हणजे सांधेदुखीवरचं वेदनाशामक, कणांतून बाहेर! ते आठवडाभर थोडं थोडं सुटावं म्हणून तर हे हायड्रोजेलचे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचे, कण करतेय.

आईच्या गुडघ्यांमुळे मी या विषयात आले. दुखण्यावरची गोळी अंगभर फिरते, गुडघ्याच्या वाट्याला जरासं औषध येतं. वर्षानुवर्षं घेतली की जठर आणि मूत्रपिंडं सोसतात. आईला अल्सर झालाच. थेट सांध्यात टोचावं, तर एवढासा रेणू काही तासांत रक्तात निघून जातो. म्हणून सांध्यात मुक्काम ठोकणारे कण हवेत.

माझे कण अल्जिनेटचे. समुद्री शेवाळातली ही लांब साखळी. औषधासकट तिचं द्रावण तेलात घुसळायचं आणि थेंब बारीक झाले की कॅल्शियम क्लोराइड सोडायचं. कॅल्शियम साखळ्या एकमेकींना बांधतं. मायक्रोस्कोपखाली ओल्या काचेचे मणीच जणू.

पण जाळीची भोकं निदान 5 नॅनोमीटरची आणि डायक्लोफेनॅक जेमतेम 1 नॅनोमीटरचं. त्यात 7.4 सामूला औषधावरही ऋण भार, अल्जिनेटवरही. अडवणं दूरच, जाळी त्याला उलट बाहेर ढकलते. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

शिवाय कुपी गढूळ झालेली. आधी वाटलं जंतू वाढले, पण दोन तासांत कुठले जंतू! ते होतं कॅल्शियम फॉस्फेट. कण ज्यात ठेवले होते त्या माझ्याच बफरमधलं, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातलं, फॉस्फेट जेलच्या गाठींमधलं कॅल्शियम ओढून घेत होतं आणि मणी फुगून विरघळत होते.

आज बफर ट्रिसचा, म्हणजे फॉस्फेट नसलेला, घेतलाय, थोडं कॅल्शियम घालून. साखळीलाही सायक्लोडेक्स्ट्रिन जोडलंय. हा रेणू वाटीसारखा, आतून पाण्याशी न जमणारा. डायक्लोफेनॅकचं कडं त्या वाटीत शिरतं, सुटतं, पुढच्या वाटीत पुन्हा अडकतं. मला हवा असलेला उशीर या अडकण्या-सुटण्यातूनच मिळेल असं मला मनापासून वाटतं. नुसती जाळी घट्ट करून भागणार नाही.

'जमलं का गं?' आईने सकाळी फोनवर विचारलं. दोन तासांचं सॅम्पल काढायला अजून पंधरा मिनिटं आहेत. पिपेट हातात धरून बसलेय.