आतल्या चाकाचा व्हॉल्व

जानेवारीतली सकाळ. नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या टायरच्या दुकानात एक मोटरहोम आली. मिनीबसच्या चासीवर बांधलेली, पुढे दोन चाकं, मागे जोडचाकं, सगळे टायर ट्यूबलेस. मालक निवृत्त गृहस्थ, सोबत काकू, दुसऱ्या दिवशी कसारा घाट उतरून कोकणात जायचा बेत. काकांनी ऑनलाइन मागवलेला टीपीएमएसचा, म्हणजे चालत्या गाडीत टायरची हवा स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्रणेचा, डबा पुढे केला. "हे सहा सेन्सर तेवढे व्हॉल्ववर फिरवून द्या, दादा."

सेन्सर बसवण्याआधी टायर थंड असतानाची हवा हातातल्या गेजने मोजायची, हा आमच्याकडचा नेम. पुढे दोन्हीकडे 54 पीएसआय. मागच्या बाहेरच्या चाकांत 62 आणि 61, उजव्या आतल्या चाकात 60. डाव्या आतल्या चाकात 17.

गाडी तसूभरही कललेली नव्हती. जोडचाकात आतला टायर बसला की त्याचा भार बाहेरचा उचलतो, स्टिअरिंग ओढत नाही, चालवणाऱ्याला काही कळत नाही. ट्रकवाले टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) आपटून आवाजावर अंदाज घेतात. सतरा आणि साठमधला फरक त्यात ऐकू येतो. पंचेचाळीस आणि साठमधला चांगल्या चांगल्यांना येत नाही. आणि तेवढी हवा कमी असली तरी टायर दर फेऱ्याला जास्त दुमडतो, तापतो, बाहेरच्यावर ओझं वाढतं ते वेगळंच.

साबणाचं पाणी मारलं. टायर शाबूत होता. बुडबुडे येत होते व्हॉल्व बाहेरपर्यंत लांबवणाऱ्या जाळीदार रबरी एक्स्टेन्शनच्या टोकाला, जिथे नळी पितळेत दाबलेली असते तिथून. असल्या नळ्या चाकाबरोबर फिरताना हेलकावे खातात, डिस्कला (चाकाच्या मधल्या पत्र्याला) घासतात आणि जोडापाशी सुटतात. त्यावर सेन्सरचं वजन चढवलं की आणखी लवकर. टायर उतरवला तर आत काळा रबरी भुगा आणि बाजूच्या भिंतीला गोल फिरलेला घासल्याचा पट्टा. असा टायर हवा भरून परत लावायचा नसतो, तो बाद. काकांच्या तळहातावर तो भुगा ठेवला, मग फार समजवावं लागलं नाही.

आता डब्याकडे. किट मोटारीचा होता, मोजायची हद्द 50 पीएसआयपर्यंत, म्हणजे या गाडीला सुरुवातीलाच बाद. शिवाय सेन्सर जाड, आणि पुढचे व्हॉल्व साधे रबरी, ज्यांची मर्यादा 65 पीएसआय असते. या गाडीत पुढचा टायर गरम झाला की त्या मर्यादेजवळ पोचतो. बहुतेक लोक स्क्रीन बघून किट निवडतात. मोटरहोमला निवड आतल्या चाकाच्या व्हॉल्वपासून सुरू करावी: तिथे सेन्सर कसा बसेल, तिथून सिग्नल पुढे कसा येईल. स्क्रीन सगळ्यात शेवटी.

रिमवर आतून बसणारे सेन्सर चोरीला जात नाहीत आणि टायरमधल्या हवेचं खरं तापमान देतात. पण बॅटरी सीलबंद, संपली की सेन्सरच बदला. आणि आडगावी पंक्चरवाल्याने आत सेन्सर आहे हे न कळता पहार घातली की तुकडा. भटकणाऱ्या गाडीला म्हणून आम्ही टोपीसारखे बाहेरचे सुचवतो: वजनाला हलके, सीआर 1632 सेल घरी बदलता येणारे, आणि शक्यतो ज्यांतून सेन्सर न काढता हवा भरता येते असे. त्यांचं तापमान मात्र मनावर घेऊ नये, ते वाऱ्यात असतात.

सहाही व्हॉल्व धातूचे टाकले. आतल्या चाकांना बाहेरच्या डिस्कच्या भोकातून येणारे ताठ, लांब व्हॉल्व. आतला आणि बाहेरचा व्हॉल्व समोरासमोर, 180 अंशांवर, म्हणजे हात पोचतो. सेन्सर डिस्कला टेकत नाही हे चाक हाताने फिरवून बघितलं. आट्यांना अँटीसीझचा (आटे जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा) बारीक हात दिला, नाहीतर पितळ आणि ॲल्युमिनियम पावसाळ्यात एकमेकांना धरून बसतात.

मग वजनकाटा. पाण्याची टाकी भरून, सामानासकट. मागचा एक्सल 3,100 किलो निघाला, पण डावी बाजू 1,700, कारण टाकी आणि बॅटऱ्या तिकडेच. टायर कंपनीच्या तक्त्यात हवा बघायची ती जड बाजूची, आणि मागच्या चारही चाकांत तेवढीच भरायची. इथे ती 60 ठरली, पुढे 55.

अलार्मची कारखान्याची सेटिंग मोटारीसाठी असते. तशीच ठेवली तर दिवसभर टीं टीं. सकाळी 12 अंशांना भरलेली 60 ची हवा टायर आतून 50 अंशांना गेला की 70 च्या आसपास दाखवते, त्यात बिघाड काही नाही. मुंबईहून नाशिकला चढून आलं तरी उंचीमुळे गेज एखादा पीएसआय जास्त दाखवतं. म्हणून मागे वरचा अलार्म 75, खालचा 54. पण गरम टायरमध्ये 70 वरून 54 पर्यंत गळती होईस्तोवर खालचा अलार्म गप्पच राहणार, त्यामुळे झपाट्याने हवा उतरल्याचा वेगळा इशारा असलेलाच किट घ्यावा. पुढच्या-मागच्या एक्सलची सेटिंग वेगवेगळी करता येणंही हवंच.

नव्या किटच्या पहिल्या चाचणीत मागचा डावा आतला सेन्सर स्क्रीनवर येईना. मध्ये लोखंडी चासी, पाण्याची टाकी आणि बाहेरचं चाक. सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर मागच्या बंपरच्या आत बसवला, इग्निशनच्या 12 व्होल्टवर फ्यूज टाकून, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी उतरत नाही. मग एकेक सेन्सर थोडा सैल करून स्क्रीनवर तेच चाक ओरडतंय का ते पाहिलं. दोन चाकं उलटी नोंदली गेली होती, ती बदलली.

स्टेपनी गाडीखाली टांगलेली, व्हॉल्व वरच्या बाजूला, हात पोचत नाही. तिला उलटी करून व्हॉल्व खाली आणला आणि सातवा सेन्सर तिथे लावला. स्टेपनीत 38 निघाली. ती 60 करून मगच गाडी सोडली.